हप्ता थकलेलं यान

१९७९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातून, नॉर्मल नावाच्या गावातून, 'द किनुनीर' नावाची एक पुस्तिका निघाली. (गावाचं नाव खरोखरच नॉर्मल आहे. तिथे राहून लोक अंतराळातल्या साम्राज्यांची गणितं मांडत होते.) काळं मुखपृष्ठ, वहीएवढा आकार, आत दाट छपाई. कादंबरी म्हणून वाचायला घेतलीत तर हाती काही लागत नाही. नायक नाही, संवाद नाहीत, शेवट नाही. एका युद्धनौकेचे मजल्यामजल्याचे नकाशे आहेत, काही अफवा आहेत, काही तक्ते आहेत आणि त्या एकाच प्रकारच्या नौकेभोवती रचलेले चार वेगवेगळे प्रसंग आहेत. पुढे काय होतं ते पुस्तिकेला माहीत नाही. ते टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच जणांनी ठरवायचं.

'ट्रॅव्हलर' या विज्ञानकथात्मक रोलप्लेइंग गेमची ही पहिली ॲडव्हेंचर-पुस्तिका. पुढच्या सहा-सात वर्षांत अशा तेरा निघाल्या, शिवाय उलटीसुलटी धरून दोन्ही बाजूंनी वाचायच्या सहा जोडपुस्तिका. गेली काही वर्षं मी या पुस्तिका पीडीएफमध्ये वाचतो आहे आणि त्यातल्या काही मित्रांबरोबर खेळलोही आहे. माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा. दुसऱ्यांनी चालवायच्या गोष्टी आधी लिहून ठेवायच्या आणि चालवणारा नक्की कुठे वेडावाकडा वागेल याचा अंदाज बांधायचा, यातच माझा दिवस जातो. त्यामुळे असेल, पण मला या पुस्तिकांचा इतिहास विज्ञानकथेच्या इतिहासाचा भाग वाटतो. तो फारसा कुणी सांगत नाही, कारण त्यात वाचण्याजोगी 'गोष्ट' नसते.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण रेफरी होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. रेफरी परिस्थिती सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, शंका असेल तिथे फासे टाकतात. १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने हे सुरू केलं. त्या खेळासाठी लिहिलेले सुरुवातीचे प्रसंग म्हणजे मुख्यतः तळघरं होती. खोल्यांना क्रमांक, प्रत्येक खोलीत काय आहे त्याची नोंद. त्यातले बरेच प्रसंग संमेलनांतल्या स्पर्धांसाठी तयार झाले होते. सगळ्या गटांना एकच तळघर द्यायचं आणि कोण किती पुढे जातं त्यावरून गुण द्यायचे.

तळघराचा मोठा फायदा म्हणजे भिंती. खेळाडू उत्तरेला जाईल नाहीतर पूर्वेला, तिसरीकडे जाऊच शकत नाही. लेखकाला दोनच खोल्या लिहून ठेवाव्या लागतात. विज्ञानकथेत ही सोय नाही. १९७६ साली आलेल्या 'मेटॅमॉर्फोसिस आल्फा'ने यावर तोडगा काढला तो असा, की सगळा खेळ एका प्रचंड भरकटलेल्या यानातच ठेवला. म्हणजे पुन्हा तळघरच, फक्त पोलादी. पण खेळाडूंच्या हातात स्वतःचं यान दिलंत, समोर ताऱ्यांचा नकाशा पसरलात आणि कुठेही जा म्हणालात, तर तुम्ही घरून तयार करून आणलेल्या ग्रहावर ते का उतरतील? समोरच्याला कंटाळा आला की तो तारा बदलेल.

मार्क मिलर आणि त्याच्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीतल्या सहकाऱ्यांनी १९७७ साली 'ट्रॅव्हलर' काढला तेव्हा यावर जे उत्तर काढलं ते मला आजही अफाट वाटतं. त्यांनी भिंतीच्या जागी कर्ज ठेवलं.

नियमांतले आकडेच पाहा. सगळ्यात साधं व्यापारी यान, ज्याला फ्री ट्रेडर म्हणतात, ते दोनशे टनांचं. किंमत सुमारे तीन कोटी सत्तर लाख क्रेडिट. वीस टक्के आधी भरायचे, उरलेल्याचा हप्ता दरमहा किमतीच्या दोनशेचाळिसाव्या भागाइतका, असे चारशे ऐंशी हप्ते. चाळीस वर्षं! हप्ता येतो दीड लाखाच्या थोडा वर. यानात माल मावतो ब्याऐंशी टन, भाडं टनाला हजार. एका ताऱ्याहून दुसऱ्यावर झेप घ्यायला आठवडा लागतो, मग उतरणं, माल शोधणं, म्हणजे महिन्याला फार तर दोन फेऱ्या. यान काठोकाठ भरलं तरी मालाचे येतात एक लाख चौसष्ट हजार. एका झेपेला तीस टन इंधन लागतं आणि शुद्ध इंधन पाचशे रुपये, म्हणजे क्रेडिट, टन. खलाशांचे पगार वेगळे. गणित जमतच नाही. प्रवासी घ्यावे लागतात. स्वस्तातलं गाळलेलं नसलेलं इंधन भरून इंजिनाचा जुगार खेळावा लागतो. आणि एखाद्या बंदरावरच्या हॉटेलात कुणी सभ्य कपड्यांतला माणूस येऊन म्हणाला की एक छोटंसं काम आहे, फार प्रश्न विचारू नका, पैसे रोख मिळतील, तर त्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

असा माणूस म्हणजे 'पेट्रन', आणि 'ट्रॅव्हलर'चं जवळजवळ प्रत्येक ॲडव्हेंचर त्याच्यापासून सुरू होतं. हिंजवडीकडे जाताना बसच्या खिडकीतून गृहकर्जाच्या जाहिराती पाहत मी पहिल्यांदा हे नियम वाचले. ड्रॅगन मारायला निघालेल्या वीरापेक्षा हप्त्यासाठी नको ते काम पत्करणारा यानमालक मला ताबडतोब ओळखीचा वाटला.

पात्रं तयार करण्याची पद्धतही याला साजेशीच. इतर खेळांत तुम्ही सोळा वर्षांचा उमदा जादूगार होऊन सुरुवात करता. इथे आधी पात्राची नोकरी खेळावी लागते: नौदल, मरीन, भूदल, स्काउट, व्यापारी तांडा नाहीतर किरकोळ काहीतरी. चार-चार वर्षांच्या मुदती, दर मुदतीला फासे टाकून बढती मिळाली का, कौशल्य मिळालं का, आणि जगलात का हे पाहायचं. १९७७च्या नियमांत इथे फासा उलटा पडला तर पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरायचं. यावर आजवर असंख्य विनोद झाले आहेत. पण याचा परिणाम असा की जी पात्रं टेबलावर येतात ती पस्तिशी-चाळिशीची, निवृत्त, थोडेफार पैसे नाहीतर एखादी तलवार नाहीतर अर्धवट कर्जाचं यान घेऊन बाहेर पडलेली आणि आता काय करायचं हे माहीत नसलेली असतात. मिलर स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेला. सैन्यातून सुटून घरी परतलेल्या आणि घरात न मावणाऱ्या माणसांची ती अमेरिका या तक्त्यांमधून दिसते असं माझं मत आहे. नियमपुस्तकात त्याबद्दल अवाक्षर नाही.

जगं मात्र एका ओळीत मावतात. रेजायना नावाच्या ग्रहाची ओळ अशी: ए७८८८९९-ए. पहिलं अक्षर अंतराळबंदराचा दर्जा, मग आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासनप्रकार, कायद्याची कडकाई आणि शेवटी तंत्रज्ञानाची पातळी. अंक नवापर्यंत, पुढे ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा. हेक्साडेसिमल. लोकसंख्येचा आठ म्हणजे एकावर आठ शून्यं, म्हणजे निदान दहा कोटी माणसं. शासनप्रकार नऊ म्हणजे जनतेपासून तुटलेली नोकरशाही. 'स्पिनवर्ड मार्चेस' या प्रदेशाची पुस्तिका १९७९ साली आली तेव्हा तिच्यात अशा चारशे एकोणचाळीस जगांच्या ओळी होत्या. आजच्या भाषेत हा डेटाबेस झाला, फक्त कागदावरचा. रेफरीने ओळ वाचायची आणि विचार करायचा: वातावरण नाही, पाणी नाही, तरी अब्जभर लोक राहतात, का? या 'का'चं उत्तर शोधताना निम्मं ॲडव्हेंचर तयार होतं. चांगला कोड वाचताना कधीकधी असं होतं, की लिहिणाऱ्याने जे लिहिलं नाही तेच जास्त बोलतं.

आणखी एक नियम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'ट्रॅव्हलर'मध्ये रेडिओने ताऱ्यांपलीकडे बोलता येत नाही. बातमी यानातूनच जाते, यान जितक्या वेगाने जाईल तितक्याच वेगाने. राजधानीतला हुकूम सीमेवर पोचायला कित्येक महिने. त्यामुळे सीमेवरचे उमराव, कंपन्या आणि सेनापती आपापल्या अकलेने कारभार करतात आणि मंजुरी नंतर मागतात.

आपल्याला हे कल्पनेत रंगवायची गरज नाही. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी मार्च १७७५मध्ये सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळींना तो आवडला नाही. त्यांनी आपला वकील पुण्याला पाठवला आणि मार्च १७७६मध्ये पुरंदरचा तह करून सुरतेचा मोडीत काढला. त्यानंतर लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांचं पत्र जहाजाने येऊन पोचलं: सुरतेचा तह आम्हाला मान्य आहे! या तीन शहरांमधल्या टपालाच्या अंतरात माणसं लढत होती आणि मरत होती. इलिनॉयमधल्या त्या चार मित्रांच्या डोळ्यांसमोर पेशवाई नक्कीच नव्हती. त्यांच्यासमोर शिडाच्या जहाजांच्या जगभरच्या कथा होत्या. पण त्यांनी बनवलेलं यंत्र इतकं नेमकं होतं की त्यातून सुरतेचा तह आपोआप बाहेर पडतो. फक्त एक प्रश्न उरतो, तो हा की टेबलावरचे खेळाडू या गोष्टीत कुठल्या बाजूला बसलेले असतात.

बहुतेक वेळा कंपनीच्या. निदान कंपनीचे भाडोत्री म्हणून. आणि लेखकांना ते कळत नव्हतं असंही नाही. म्हणून तर दुसरी पुस्तिका, १९८०ची 'रिसर्च स्टेशन गॅमा', मला या मालिकेतली पहिली खरोखर चांगली वाटते. यात पेट्रन आहे एक चर्पर. चर्पर म्हणजे लहान चणीचे, साधे, अवजारांपलीकडे फारसं काही नसलेले जीव, ज्यांना साम्राज्यातले लोक जवळपास जनावरांत जमा धरतात. त्याचा एक सोबती साम्राज्याच्या संशोधन केंद्रात अडकला आहे, त्याला सोडवून आणायचं. त्या केंद्राचे नकाशे, पहारे, प्रयोगशाळा हे सगळं पुस्तिकेत आहे, म्हणजे वरवर पाहता हेही तळघरच. पण खोलीखोलीतून खेळाडूंना कळत जातं की इथे कुणावर काय प्रयोग चालले आहेत. चार वर्षांनी आलेल्या 'सीक्रेट ऑफ द एन्शंट्स'मध्ये याच चर्परांचं नातं थेट त्या प्राचीन, ग्रहच्या ग्रह फोडणाऱ्या, सगळ्यांना दबकवणाऱ्या जमातीशी लावलं आहे. ज्यांना जनावर समजून पिंजऱ्यात ठेवलं ते मालकांचे वंशज निघाले. हे आधी ठरवलेलं होतं की नंतर सुचलं, काही असो. पण १९८०ची पुस्तिका खेळलेल्या माणसाला १९८४ची खेळताना काय वाटलं असेल याचा मी हेवा करतो.

या दोन्हींच्या मधली 'ट्वायलाइट्स पीक' रचनेच्या दृष्टीने सर्वांत धाडसी. तिच्यात एक रहस्य आहे, पण त्याकडे जाणारा रस्ता नाही. खेळाडू आपला व्यापार करत ग्रहाग्रहांवरून फिरतात आणि वाटेत फाशांनुसार अफवा, जुन्या नोंदी, कुणाच्या आजोबांची कहाणी असे तुकडे मिळत जातात. काही खोटे. तुकडे जुळले तर जुळले. महिनोन्महिने माल वाहूनही रहस्याच्या दारापाशी न पोचणारा गट असू शकतो आणि पुस्तिकेला त्याचं काही वाटत नाही. मला हे फार आवडतं. आमच्या गटाला अजिबात आवडलं नाही. त्यांच्या मते शनिवारी संध्याकाळी माणूस मालाची बिलं करायला येत नाही.

कंपनी आणि स्थानिक या तणावातलं सर्वांत अडचणीचं ॲडव्हेंचर म्हणजे १९८२ची 'डिव्हाइन इंटरव्हेन्शन', सहाव्या जोडपुस्तिकेचा अर्धा भाग. पावाबिड नावाचं धर्मसत्ताक जग. तिथल्या सर्वोच्च धर्मगुरूने आपलं धोरण बदलावं असं पेट्रनला वाटतं. काम असं: गुपचूप त्याच्या निवासात पोचायचं आणि तंत्रज्ञानाच्या जोरावर त्याला देवाचं दर्शन घडवायचं. इंग्रजीत याला 'व्हिजन' म्हणतील. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, दृष्टांत. खोटा दृष्टांत द्यायचा.

हे मी दोन वर्षांपूर्वी पाच जणांबरोबर चालवलं. अमेरिकन खेळाडूंनी हा प्रसंग चोरीच्या सिनेमासारखा खेळला असावा: नकाशा, पहारेकरी, वेळेचं गणित. आमच्याकडे नकाशा उलगडायलाच दीड तास लागला, कारण वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, यात काय एवढं, तो गुरूही लोकांना फसवतच असणार. दुसरी म्हणाली, तो फसवत असेल तर त्याच्या लोकांना; आपण कोण, बाहेरून येऊन त्यांचा देव बनणारे? तिसऱ्याने आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली, तिथे कुणाला तरी दृष्टांत झाला आणि पाहता पाहता शेताच्या बांधावर देऊळ उभं राहिलं, आणि आता बांध कुणाचा हे विचारायची सोय नाही. मी गप्प बसून चहा प्यायलो. रेफरीचं कामच ते.

शेवटी हप्ता थकला होता म्हणून काम घेतलं. सगळं सुरळीत पार पडलं, फाशांनीही साथ दिली. पण ज्या मुलीच्या पात्राकडे देवाचा आवाज काढायचं काम होतं, तिने ऐन वेळी पेट्रनने लिहून दिलेला मजकूर बाजूला ठेवला आणि धर्मगुरूला सांगितलं की परक्यांचं बंदर बंद कर. पुस्तिकेत अशा शक्यतेसाठी ओळ नव्हती, असायचं कारणही नव्हतं. पुढचे तीन शनिवार आम्ही चिडलेल्या पेट्रनपासून पळण्यात घालवले.

१९८३ची 'नोमॅड्स ऑफ द वर्ल्ड-ओशन' हाच तणाव उघडउघड घेते. समुद्राने व्यापलेला ग्रह, त्यात बेटांएवढे प्रचंड जलचर, त्यांच्या मागे फिरणारे शिकारी भटके आणि त्याच जलचरांचा कारखानदारी संहार करणारी कंपनी. पेट्रन म्हणून चक्क जीवसंरक्षणवाली संघटना आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला तो १९८२ साली, तेव्हा हवेत काय होतं ते वेगळं सांगायला नको. लिहिणारे विल्यम आणि अँड्र्यू कीथ हे भाऊ. त्या काळातल्या 'ट्रॅव्हलर'चा मोठा हिस्सा या दोघांनी लिहिला आणि चितारला. भटक्यांच्या चालीरीतींवर त्यांनी इतकी पानं खर्च केली आहेत की काम पूर्ण करण्यापेक्षा तिथे राहावंसंच वाटतं.

आता मालिकेतल्या पाचव्या क्रमांकाकडे. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती विज्ञानकथेतून निसटून संगणकशास्त्राच्या इतिहासात गेली.

'ट्रिलियन क्रेडिट स्क्वाड्रन' (१९८१) हिला ॲडव्हेंचर का म्हणायचं हा प्रश्नच आहे. कथाच नाही. तुम्हाला एक ट्रिलियन, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके क्रेडिट दिले आहेत, त्यात युद्धनौकांचा ताफा रचा आणि दुसऱ्याच्या ताफ्याशी लढवा, इतकंच. नियम 'हाय गार्ड' या पुस्तकातले, म्हणजे यानाचं वजन, चिलखत, इंजिन, शस्त्रं, संगणक या सगळ्यांची एकमेकांत गुंतलेली कोष्टकं. त्या वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन मॅटिओ इथे ओरिजिन्स संमेलनात याची स्पर्धा झाली. लोक कोष्टकं पाठ करून आले होते. स्टॅनफर्डचा डग्लस लेनाट नावाचा एक प्राध्यापकही आला होता, ज्याने हा खेळ आधी कधीच खेळला नव्हता.

लेनाटकडे युरिस्को नावाचा प्रोग्रॅम होता. त्याच्या आधीच्या एएम या प्रोग्रॅमने गणितातल्या कल्पना शोधण्याचा प्रयत्न केला होता. युरिस्को त्यापुढे जाऊन शोध घेण्याचे आडाखे स्वतःच तयार करायचा आणि बदलायचा. त्याला 'हाय गार्ड'चे नियम भरवले आणि रात्रीच्या रात्री स्वतःशीच लढायला लावलं. सकाळी लेनाट निकाल पाहून, निरर्थक गोष्टी छाटून, योग्य दिशेला ढकलायचा. त्यातून जो ताफा निघाला तो पाहून लोक हसले. शहाण्णव जहाजं, बहुतेक मंद, जाड चिलखताची, बारीक शस्त्रांनी खचाखच भरलेली. आणि सोबत एखादं इवलंसं यान, इतकं चपळ की त्याला नेम लागणं जवळपास अशक्य. इतर सगळ्यांचे ताफे रुबाबदार, वेगवान, मोठ्या तोफांचे होते, म्हणजे विज्ञानकथा वाचलेल्या माणसाला जसा ताफा असावासा वाटतो तसे. युरिस्कोने विज्ञानकथा वाचली नव्हती. लेनाट जिंकला.

पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले आणि ते स्पर्धेच्या जेमतेम आधी जाहीर केले. आता ताफ्याच्या चपळतेलाही महत्त्व होतं. युरिस्कोने उत्तर शोधलं: लढाईत जायबंदी होऊन मंदावलेली आपलीच जहाजं आपणच उडवून द्यायची, म्हणजे उरलेल्या ताफ्याची सरासरी चपळता टिकते. लेनाट पुन्हा जिंकला. तेव्हा आयोजकांनी सुचवलं की तो तिसऱ्यांदा जिंकला तर स्पर्धाच बंद करावी लागेल, आणि तो थांबला.

या गोष्टीचं श्रेय संगणकाला किती? लेनाटने स्वतः १९८३ साली लिहिताना विभागणी दिली आहे: साठ टक्के मी, चाळीस टक्के युरिस्को. मला हा आकडा प्रामाणिक वाटतो आणि आजच्या जाहिरातींच्या मानाने तर विलक्षणच. युरिस्कोचा आणखी एक किस्सा त्याच्याच लिखाणातला. एकदा प्रोग्रॅममध्ये एक आडाखा झपाट्याने वरच्या क्रमांकावर जाताना दिसला. शोध घेतल्यावर कळलं की तो दुसरं काहीच करत नव्हता. कुणीही चांगला आडाखा शोधला की त्याच्या शोधकांच्या यादीत स्वतःचं नाव घालत होता. अप्रेझलच्या मोसमात हा किस्सा मी ऑफिसात सांगतो. सगळे हसतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी वेगळं असतं.

पण मला या प्रकरणात बोचतं ते वेगळंच. 'ट्रिलियन क्रेडिट स्क्वाड्रन' ही मालिकेतली एकच पुस्तिका जिच्यात रेफरी नसला तरी चालतो. म्हणूनच यंत्र तिच्यात इतकं सहज शिरलं. आपलीच जखमी जहाजं खलाशांसकट उडवणं कोष्टकाच्या दृष्टीने बिनचूक आहे, कारण कोष्टकात त्या खलाशांना चेहरा नाही. हाच प्रसंग पाच माणसांच्या टेबलावर घडला असता तर कुणीतरी विचारलंच असतं, त्या जहाजावर कोण आहे? आणि रेफरीला ताबडतोब एक नाव बनवून सांगावं लागलं असतं, आणि ते नाव घेतल्यावर हुकूम देणं अवघड झालं असतं. हल्ली लोक मला विचारतात की आता भाषेची मॉडेलं आली, रेफरी कशाला हवा? मॉडेल रेफरी होईल, कदाचित चांगलाही होईल. मला काळजी आहे ती त्या पाच जणांमधल्या 'कोण आहे तिथे' असं विचारणाऱ्याची. तो एकट्याने पडद्यासमोर बसला की हा प्रश्न विचारत नाही, असा माझा अनुभव आहे.

बाकीच्या पुस्तिकांबद्दल लांबण लावत नाही. 'प्रिझन प्लॅनेट'मध्ये खेळाडू यान, शस्त्रं, पैसे सगळं काढून घेतलेल्या अवस्थेत तुरुंगात सुरुवात करतात. कर्जाच्या भिंतीऐवजी खरीच भिंत. 'सफारी शिप' मला रुचली नाही. 'लेव्हायथन' एका इंग्रज लेखकाची, अज्ञात प्रदेशात निघालेल्या व्यापारी जहाजाची, संथ आणि सुंदर. १९८० साली निघालेली '७६ पेट्रन्स' तर ॲडव्हेंचर नव्हेच, नुसती पेट्रनांची यादी: हा माणूस हे काम देतो, आणि खाली पर्याय एक ते सहा. फासा टाका. एक आला तर तो खरं बोलतोय, चार आला तर त्याने तुम्हाला फसवलंय, वगैरे. एकाच सुरुवातीच्या सहा गोष्टी, आणि कुठली खरी हे रेफरीलाही फासा पडेपर्यंत माहीत नाही. आज गेमिंगमध्ये ज्याचं एवढं कौतुक होतं ते बरंचसं या साठ-सत्तर परिच्छेदांत आधीच आहे.

गेम डिझायनर्स वर्कशॉप १९९६ साली बंद पडली. 'ट्रॅव्हलर' मात्र वेगवेगळ्या प्रकाशकांच्या हातांतून फिरत अजून निघतो आहे. जुन्या काळ्या पुस्तिकांचे स्कॅन मिलरनेच उपलब्ध करून दिले म्हणून तर माझ्यासारख्याला पुण्यात बसून ते वाचता आले.

गेल्या पावसाळ्यात आम्ही अकरावी पुस्तिका खेळलो, 'मर्डर ऑन आर्क्टुरस स्टेशन'. लेखक अँड्र्यू कीथ. लघुग्रहावरचं खाणकाम केंद्र, एका निर्दय कंपनीप्रमुखाचा खून, आणि त्याला मारायला प्रत्येकाकडे सबळ कारण असलेले संशयित. सर्वांना एकाच केंद्रात अडकवून ठेवलेलं. यात खुनी कोण ते लेखकाने ठरवलेलं नाही. प्रत्येक संशयिताचं कारण, त्याला मिळू शकणारी संधी आणि त्यानुसार मांडायचे धागेदोरे दिले आहेत. रेफरीने आपला खुनी निवडायचा. मी तीन रात्री याद्या घेऊन बसलो आणि एक निवडला. गटाने चौथ्या शनिवारी त्याला पकडलं, पुराव्यासकट, रीतसर. सामान आवरताना देवाचा आवाज काढणारी ती मुलगी म्हणाली, "ते ठीक आहे, पण पुस्तकात खरा खुनी कोण आहे?"

मी टॅबलेट तिच्या हातात दिला. ती बराच वेळ पानं पुढेमागे करत राहिली. मग म्हणाली, "बाकीच्यांनाही कारण होतंच की रे," आणि पुढच्या खेपेला रेफरी आपण होणार असं सांगून पुस्तिका स्वतःला मेल करून घेतली.